न बसलेल्या ठोशाचा हिशेब

‘पळतो नुसता. लढतोय कुठं?’

बॉक्सर फ्लॉइड मेवेदरची एखादी जुनी लढत मोबाइलवर लावा आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात कुठल्याही टपरीवर चार पोरांच्या मधे ठेवा. तिसऱ्या फेरीपर्यंत हे वाक्य येतंच. पाठोपाठ समोरून उत्तरही येतं: ‘पन्नासपैकी पन्नास जिंकलाय, आणखी काय पाहिजे?’

मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत. पहिल्यात डोळ्यांचा आळस आहे, दुसऱ्यात आकड्यांचा. बचावावर जगणारा बॉक्सर खरोखर किती तयारीचा आहे, हे या दोन्हींतून कळत नाही.

अडचण आहे हे खरं. ठोसा बसला की तो सगळ्यांना दिसतो. मान मागे जाते, घाम उडतो, मागच्या रांगेतला माणूसही ओरडतो. बचाव करणाऱ्याचं काम म्हणजे काहीतरी होऊ न देणं, आणि जे झालंच नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार? दिवाळीनंतर आपल्याकडे मंडईची जत्रा भरते, गावोगावी कबड्डीचे सामने होतात. तिथेही हेच चालतं. चढाईवाला तीन गडी मारून आला की मैदान डोक्यावर घेतलं जातं. डाव्या कोपऱ्यावरचा एखादा पोरगा मात्र असा असतो, की अख्ख्या सामन्यात त्याच्या बाजूला कोणी फिरकतच नाही. चढाईवाला मधल्या रेषेवरून त्याच्याकडे एकदा बघतो आणि उजवीकडे वळतो. गुणपत्रिकेवर त्या पोराच्या नावापुढे जेमतेम एखादी पकड लागते. त्याच्या धाकामुळे अर्धं मैदान समोरच्या संघाला बंद झालं होतं, याची नोंद कुठे होत नाही.

बॉक्सिंगमध्ये निदान ठोसे मोजले जातात. मोजणारी माणसं रिंगजवळ बसतात, किती फेकले आणि किती बसले ते कळ दाबून नोंदवतात. मग टक्केवारी निघते आणि लोक ती पुराव्यासारखी तोंडावर फेकतात. या टक्केवारीने माणसं कशी फसतात ते बघा.

13 मार्च 2010. मॅनी पॅकियाओ विरुद्ध घानाचा जोशुआ क्लॉटी. पॅकियाओने बारा फेऱ्यांत 1231 ठोसे फेकले, बसले 246. म्हणजे 20 टक्के. 2 मे 2015. तोच पॅकियाओ, समोर मेवेदर. फेकले 429, बसले 81. म्हणजे 19 टक्के. नुसती टक्केवारी पाहिली तर क्लॉटीचा बचाव मेवेदरच्या तोडीचा ठरतो! आता लढती बघा. क्लॉटी दोन्ही हात गालांना चिकटवून, कोपरं बरगड्यांवर दाबून उभा राहिला. ठोसे त्याच्या हातांवर आदळत राहिले. तो पडला नाही, पण एका पंचाने बाराच्या बारा फेऱ्या पॅकियाओला दिल्या आणि उरलेल्या दोघांनी अकरा-अकरा. मेवेदरने मात्र ती 2015 ची लढत तिन्ही पंचांकडून जिंकली: 118-110, 116-112, 116-112.

फरक त्या फेकलेल्या ठोशांच्या आकड्यात आहे. 1231 आणि 429. क्लॉटीने ठोसे अडवले. मेवेदरने ते फेकूच दिले नाहीत. पॅकियाओ पाऊल टाकायचा, खांदा हलवायचा आणि थांबायचा, कारण आपण हात सोडला की उजव्या बाजूने काय येणार हे त्याला कळून चुकलं होतं. दर वेळी तो एक विचार जास्त करत होता, आणि रिंगमध्ये एक विचार जास्त म्हणजे संधी गेली. म्हणून बचावाची परीक्षा करायची तर बचाव करणाऱ्याकडे बघू नका. त्याच्या समोरच्याकडे बघा. तो एरवी जे सहज करतो ते आज करतोय का? त्याचा पाय कुठे अडखळतोय? त्याचा आवडता ठोसा कितव्या फेरीत गायब झाला?

इथे प्रामाणिक राहायला हवं. 2015 चा पॅकियाओ 2010 चा नव्हता. छत्तिशी गाठली होती, उजवा खांदा दुखावलेला होता आणि लढतीनंतर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ही लढत व्हावी म्हणून लोक 2009 पासून ओरडत होते, ती झाली सहा वर्षांनी. मेवेदरही तेव्हा 38 चा होता, हेही खरं. तरी कोणाशी लढायचं आणि कधी लढायचं हे ठरवण्याची सत्ता त्या काळात त्याच्याच हातात होती, आणि ती त्याने पुरेपूर वापरली. त्याच्या कौशल्याच्या हिशेबातून हे वजा करावंच लागेल.

आता त्या कौशल्याकडे जवळून बघू. मेवेदरचा डावा हात खाली, पोटावर आडवा. उजवा पंजा गालाशी. डावा खांदा इतका वर की हनुवटी त्याच्या मागे लपते. शिकाऊ पोराला कोच जे करू नकोस म्हणून ओरडतो तेच हे, डावा हात खाली! समोरचा उजव्या हाताचा सरळ ठोसा सोडतो. मेवेदर मागे पळत नाही. कंबरेतून थोडासा उजवीकडे वळतो, ठोसा खांद्याच्या गोलाईवरून घसरून जातो. या वळण्यात त्याचं वजन मागच्या पायावर आलेलं असतं. त्याच पायावरून तो उलटा फिरतो आणि उजवा हात समोरच्याच्या तोंडावर पोचतो, कारण समोरच्याचा उजवा हात अजून परत आलेला नसतो. चुकवणं आणि मारणं यांच्यामध्ये जागाच नाही, एकाच वळणाची ही दोन टोकं आहेत. ज्याच्या बचावातून असं उत्तर निघतं तो लढतोय. ज्याच्या बचावातून फक्त पुढची पळापळ निघते त्याच्याबद्दल टपरीवरच्या पोरांचं म्हणणं मला मान्य आहे.

पण बचावाची खरी कसोटी वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ठोसा चुकवताना सगळेच देखणे दिसतात. ठोसा बसल्यावर काय होतं?

1 मे 2010 ला शेन मोझलीने दुसऱ्या फेरीत मेवेदरला उजव्या हाताने असा तडाखा दिला की त्याचे गुडघे वाकले. त्याने मोझलीचा हात घट्ट पकडला, श्वास घेतला, फेरी काढली. आणि त्यानंतर? तो पुढे सरकू लागला. पुढच्या फेऱ्या त्याने इतक्या स्वच्छ जिंकल्या की दोन पंचांनी 119-109 आणि एकाने 118-110 असे गुण दिले.

त्याहून मोठा पुरावा मार्कोस मैदानाचा. हा अर्जेंटिनाचा गडी 3 मे 2014 ला मेवेदरवर अक्षरशः तुटून पडला. दोरांशी दाबून, वरून, कडेने, जमेल तिथून हाणत राहिला. 858 ठोसे फेकले, त्यातले 221 बसले. मोजणी झालेल्या लढतींत तोवर मेवेदरला इतके ठोसे कोणीच बसवले नव्हते. एका पंचाने 114-114 अशी बरोबरी दिली. त्या रात्री ‘हा काही अभेद्य नाही’ असं म्हणणारे चुकले नव्हते. चार महिन्यांनी, 13 सप्टेंबरला, दोघे पुन्हा भिडले. मैदाना तोच, इरादा तोच. यावेळी बसले 128. पहिल्या लढतीत मेवेदर दोरांशी थांबला होता. दुसऱ्यात तो तिथे थांबलाच नाही, रिंगच्या मधोमध फिरत राहिला, आणि अंग भिडलं की पकडून मोकळा झाला. प्रेक्षकांना दुसरी लढत कंटाळवाणी वाटली. मला मात्र त्याची लायकी नीट पाहायची असेल तर मी पन्नास विजयांची यादी बाजूला ठेवेन आणि या दोन लढती लागोपाठ बघेन. 221 चे 128 कसे झाले, त्यात सगळं आलं.

यादीवरच विसंबायचं तर हुलिओ सेझार चावेझची यादी आणखी लांब होती. 10 सप्टेंबर 1993 ला सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये पर्नेल व्हिटेकरसमोर उतरला तेव्हा चावेझ 87 लढती जिंकलेला आणि एकही न हरलेला होता. व्हिटेकर डावखुरा, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. गुडघ्यांत इतका वाकायचा की समोरच्याला मारायला डोकंच सापडू नये. त्या रात्री चावेझसारखा कसलेला, हिंडून-फिरून शिकार गाठणारा बॉक्सर बारा फेऱ्या हवेत हात मारत राहिला. व्हिटेकर जॅब लावत गेला, जवळ येऊन पोटात मारत गेला. निकाल? दोन पंचांनी 115-115. तिसऱ्याने व्हिटेकरला 115-113. म्हणजे बरोबरी. व्हिटेकर जिंकला होता हे जवळपास सगळ्या जगाने पाहिलं, ते फक्त दोन पंचांना दिसलं नाही. पुढे येणारा माणूस जिंकतोय असं वाटणं हा जुना आजार आहे, आणि तो शिकलेल्या पंचांनाही होतो.

निकोलिनो लोचेचं नाव आपल्याकडे कमी ऐकलेलं. अर्जेंटिनाचा. 117 विजय, त्यातले नॉकआउट फक्त 14. म्हणजे हातात जोर बेताचाच. 12 डिसेंबर 1968 ला टोकियोत विश्वविजेता पॉल फुजी त्याच्याशी लढला. फुजी मारत राहिला, लोचे जागच्या जागी मान हलवून चुकवत राहिला, आणि मधल्या वेळात फुजीचा चेहरा सुजवत राहिला. नऊ फेऱ्या झाल्या. दहावीची घंटा झाली तेव्हा फुजी स्टुलावरून उठला नाही. त्याला कोणी आडवं केलेलं नव्हतं. आपण याला मारू शकणार नाही हे त्याला पटलं होतं, एवढंच. ही लढत माहीत असलेला माणूस बचावाला भित्रेपणा म्हणणार नाही.

आता हौशी बॉक्सिंगकडे, म्हणजे आपली पोरं ज्यात उतरतात तिकडे, वळायला हवं. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये पोलंडच्या किएल्सला युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, 81 किलोंवरच्या गटात. पुढच्या वर्षी एलोर्डा चषकात कझाकस्तानच्या माजी जगज्जेतीला, लज्जत कुंगेइबायेवाला, तिच्याच देशात हरवलं. दोन्ही अंतिम लढतींचा निकाल 5-0. पेपरात 5-0 वाचलं की बऱ्याच जणांना वाटतं, हिने पाच ठोसे मारले आणि समोरचीने एकही नाही. तसं नाही. पाच पंच असतात आणि पाचही पंचांच्या मते ती जिंकली, एवढाच त्याचा अर्थ. लढत चुरशीची होती की एकतर्फी, तिने बचाव कसा केला, समोरचीचे किती ठोसे वाया घालवले, यातलं काही त्या 5-0 मध्ये नाही. आणि आपल्या पोरींच्या लढतीचं वर्णन मराठी पेपरांत बहुतेक वेळा त्या 5-0 वरच संपतं. पदकाचा फोटो मोठा, लढत दोन ओळींत. या लिखाणावर माझा राग आहे. पोरीने रिंगमध्ये काय केलं ते वाचकाला सांगा.

पंचांच्या पद्धतीनेही बचाव घडतो आणि बिघडतो. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने यजमान देशाच्या पार्क सि-हुनला 86 ठोसे लावले, पार्कचे बसले 32, आणि सुवर्ण पार्कला मिळालं. एवढी बदनामी झाली की पुढे 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून कळ दाबून गुण द्यायची यंत्रणा आली. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदात कळ दाबली तरच गुण. मग बॉक्सर शहाणे झाले. पोटातला ठोसा, जवळून मारलेला ठोसा पंचांना नीट दिसत नाही, म्हणून तो सोडून दिला. आधी दोन-तीन गुणांची आघाडी घ्यायची आणि मग हात वर करून वेळ काढायचा. तो बचाव यंत्राला फसवण्यापुरता होता. त्याच यंत्राखाली 1996 ला अटलांटात एक एकोणीस वर्षांचा अमेरिकन पोरगा उपांत्य लढत 10-9 ने हरला आणि कांस्यावर थांबला. त्याचं नाव फ्लॉइड मेवेदर. 2013 मध्ये ती पद्धत गेली आणि फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण द्यायची पद्धत आली. म्हणून जुन्या बॉक्सरचा बचाव तोलताना तो कुठल्या नियमाखाली लढत होता हे आधी विचारा.

बचाव मोजण्याच्या बाबतीत मला खो-खोचं फार कौतुक वाटतं. हा आपल्या मातीतला खेळ बचावाला पहिल्यापासून मान देत आलाय. पळती करणाऱ्याचा वेळ घड्याळ लावून मोजतात आणि पेपरात तो गुणांच्या आधी छापतात: ‘2.10 मि. संरक्षण व 3 गडी’. साखळीत पळाला की गोलात, खुंटापाशी हुलकावणी कशी दिली, हे प्रेक्षकांतला म्हातारासुद्धा सांगतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. नुसता वेळ मोजूनही भागत नाही म्हणा. पाठलाग करणारे ढिले असतील तर कोणीही दोन मिनिटं काढतो. पण निदान मोजायला सुरुवात तरी होते.

क्रिकेटमधल्या गोलंदाज बापू नाडकर्णींचं उदाहरणही इथे टाळता येणार नाही. जानेवारी 1964, मद्रास कसोटी, इंग्लंड समोर. 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, बळी शून्य. लागोपाठ 131 चेंडूंवर एकही धाव नाही. साठ वर्षं आपण हा आकडा अभिमानाने सांगतोय. पण त्या डावात बोलस आणि बॅरिंग्टन स्वतःच बचाव करत होते, बापूंना बळी मिळाला नाही, आणि मालिकेतल्या पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. म्हणजे त्या 131 चेंडूंवरून अचूकता कळते, मोठेपण कळत नाही. मोठेपण कळतं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासला. समोर ऑस्ट्रेलिया, आणि बापूंनी पहिल्या डावात 31 धावांत 5, दुसऱ्यात 91 धावांत 6 गडी बाद केले. धाव न देणारा हाच हात गडीही बाद करतो हे तिथे दिसलं. मार्कोस मैदानाचे ठोसे 221 वरून 128 वर येण्यात मेवेदरचं जे दिसतं, ते बापूंचं या अकरा बळींत दिसतं. लोकांनी मात्र 131 लक्षात ठेवले आणि अकरा विसरले.

मग माझा कौल काय? मी पाहिलेल्या लढतींवरून, निव्वळ बचावात व्हिटेकर मेवेदरच्या वर. कारण त्याने चावेझसारख्याला ऐन उमेदीच्या दिवसांत अंगावर घेतलं आणि तोंडासमोर उभं राहून चुकवलं. चूक ओळखून दुरुस्त करण्यात मेवेदर सगळ्यांच्या वर. आणि ‘पळतो नुसता’ हे वाक्य दोघांनाही लागू नाही.

हा वाद मी गोरेगावात बसून का काढतोय? कारण गोंदियाच्या जिल्हा स्पर्धेतून नागपूर विभागाला आणि तिथून राज्याला जाणारी आपली पोरं चौदा-पंधरा वर्षांची असतात. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाकडे घरच्यांचे डोळे लागलेले असतात. रिंगच्या बाहेरून काका, मामा, सर, सगळे एकच ओरडत असतात: ‘मार, मार, पुढं हो!’ पोरगं पुढे होतं, डोकं सरळ, हनुवटी वर, आणि तीन ठोसे खाऊन एक मारतं. त्या एकाला टाळ्या मिळतात. त्या तीन ठोशांचा हिशेब त्याचा मेंदू ठेवतो. मुहम्मद अलीची जवानी लोकांना पायांमुळे आठवते, आणि पाय मंदावल्यावर त्याने खाल्लेल्या ठोशांची किंमत त्याने पुढची तीस-पस्तीस वर्षं मोजली असावी; त्याचे थरथरणारे हात जगाने पाहिले. पोराला आधी चुकवायला शिकवणं ही त्याच्या आयुष्याची काळजी आहे, खेळाची आवड-निवड नव्हे.

खो-खोच्या स्पर्धेत उत्कृष्ट संरक्षकाचं बक्षीस वेगळं असतं. कबड्डीत उत्कृष्ट पकडीचं असतं. जिल्ह्यात बॉक्सिंगची स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: यंदा उत्कृष्ट बचावाचं एक बक्षीस ठेवा. मोठी ढाल नको, साधा चषक चालेल. तो कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी पंचांना आणि सरांना तीन फेऱ्या मारणाऱ्याकडे नव्हे, ठोसे न खाणाऱ्याकडे बघावं लागेल. चषकाचा खर्च मी द्यायला तयार आहे.